जुन्या पिकअपला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन: किट ठरवण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते दिसेल. गाडी १९५६ ची फोर्ड एफ-१००. पुढे मूळचा सरळ एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), पण गाडी खाली दिसावी म्हणून आधीच्या मालकाने पुढचे दोन पाटे काढलेत. मूळ सहा सिलिंडरच्या जागी ३०२ घनइंची व्ही-८ आहे. ताशी ८०च्या पुढे गाडी सरळ चालत नाही, सारखी सांभाळावी लागते. खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. म्हणून तुम्ही विचारताय की ‘मस्टँग टू’ प्रकारचं इंडिपेंडंट सस्पेन्शनचं (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारं) किट घ्यावं की क्राउन व्हिक्टोरियाचं पुढचं सस्पेन्शन उचलून बसवावं, आणि घरच्या मिग वेल्डरवर हे काम होईल का.

किटची निवड हा या सगळ्यातला सोपा भाग आहे, म्हणून तो थोडा पुढे ढकलतो. आधी दोन गोष्टींचं उत्तर हवं. तुमचा त्रास सरळ एक्सलच्या रचनेमुळे आहे की झिजेमुळे? आणि बदलायचंच ठरलं तर क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) चासीवर नेमका कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या कोनात बसणार? माझ्याकडे ‘किट खराब निघालं’ म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये किट बहुधा ठीकच असतं, ते बसवलेलं चुकीच्या जागी असतं.

झिजेपासून सुरुवात करू, कारण तपासायला पैसे लागत नाहीत. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, राहिली तर किंगपिनमध्ये (चाक ज्याच्याभोवती डावी-उजवीकडे वळतं ती खीळ). मग गाडी जमिनीवर ठेवून मदतनीसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली बसून पिटमन आर्मकडे, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या आर्मकडे, बघा. स्टिअरिंग हाताने बरंच फिरतंय आणि आर्म जागचा हलत नाही, म्हणजे बॉक्स गेलाय किंवा त्याचं अ‍ॅडजस्टमेंट सुटलंय. आर्म हलतोय पण रोडचं चाक हलत नाही, म्हणजे मधले सांधे गेलेत. पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट बघायला विसरू नका. यू-बोल्ट सैल असेल तर एक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी कधी इकडे, कधी तिकडे जाते.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त संशय कॅस्टरचा, म्हणजे किंगपिनच्या मागच्या झुकावाचा, आहे. पाटे काढले की पुढची बाजू खाली जाते, चासी नाक खाली करून उभी राहते, आणि एक्सल तिच्याबरोबर पुढे कलंडतो. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असलं तरच चाक आपणहून सरळ होतं. तो झुकाव कमी झाला की गाडी भटकणारच, मग एक्सल कितीही ठणठणीत असो. यावर उपाय म्हणजे पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये घालायची पाचर. तुमच्या गाडीत पाटा एक्सलच्या वर आहे, त्यामुळे पाचरीची जाड बाजू मागे यायला हवी. उलटी लावली तर कॅस्टर आणखी कमी होईल. रेडियल टायरवर सरळ एक्सलला ३ ते ५ अंश कॅस्टर आणि १.५ ते ३ मिमी टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा तेवढ्या जवळ) ठेवलं की बऱ्याचशा एफ-१०० महामार्गावर शहाण्यासारख्या चालतात.

खड्ड्यातल्या हिसक्याचं कारण वेगळं आहे, पण मूळ तेच, काढलेले पाटे. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) एका कमानीत फिरतो आणि पाट्यावरचा एक्सल दुसऱ्या कमानीत वरखाली होतो. कारखान्यात या दोन कमानी मूळ उंचीला जुळवलेल्या असतात. उंची बदलली की त्यांचा मेळ सुटतो आणि चाक वर उचललं की ड्रॅग लिंक ते ओढतो किंवा ढकलतो. ब्रेकच्या ओढण्याचं म्हणाल तर ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट आणि व्हील सिलिंडरची गळती बघा. सरळ एक्सलवर बसणारे डिस्क ब्रेकही मिळतात.

म्हणजे तुमच्या तिन्ही तक्रारी सरळ एक्सल ठेवूनही बऱ्याच प्रमाणात दूर होऊ शकतात. गाडी महिन्यातून दोनदा गावात फिरवायची असेल तर मी हेच करीन: किंगपिन, बुश, पाचर, योग्य उंचीचे पाटे, पुढे डिस्क. चासी कापावी लागत नाही, आणि उद्या कोणाला मूळ अवस्थेतली गाडी हवी असली तर ती तशीच आहे. पण लांबचा प्रवास करायचा असेल, व्ही-८ चा जोर वापरायचा असेल आणि स्टिअरिंग मोटारीसारखं हलकं हवं असेल, तर इंडिपेंडंट सस्पेन्शनला अर्थ आहे. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत जात नाही, स्प्रिंगखालचं वजन घटतं, रॅक-पिनियन स्टिअरिंग आणि डिस्क ब्रेक एकाच कामात येतात. त्यातून काय मिळणार नाही तेही सांगतो. रिकाम्या पिकअपची उडी बहुतेक वेळा मागच्या पाट्यांची असते. पुढे काहीही बसवा, मागचे जाड पाटे तेच राहिले तर कंबरेला बसणारा दणका तोच राहील.

इथे ज्यांच्याकडे दुसऱ्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी एक टीप. शेव्हरलेच्या हलक्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपना १९६० पासून कारखान्यातूनच पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, १९६० ते ६२ टॉर्शन बारवर आणि १९६३ पासून कॉइल स्प्रिंगवर. फोर्डने १९६५ मध्ये ट्विन आय-बीम, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळा दांडा, आणलं. डॉजकडे १९७२ च्या पिढीत ते आलं. १९६७ ते ७२ ची शेव्हरले असेल तर क्रॉसमेंबर कापायचा विचारच करू नका, आहे तेच बुश आणि बॉल जॉइंट बदलून उभं करा. ही चर्चा त्याआधीच्या सरळ एक्सलच्या गाड्यांची आहे.

आता किट. मस्टँग टू ही फोर्डने १९७४ ते ७८ या काळात बनवलेली छोटी मोटार. तिचं पुढचं सस्पेन्शन जुन्या गाड्यांत इतकं रुळलं, कारण ते आटोपशीर आहे, रॅक पुढच्या बाजूला आहे आणि सगळा भार एका क्रॉसमेंबरमध्ये सामावतो. पण ती मोटार तुमच्या पिकअपपेक्षा हलकी होती आणि तिचा मूळ खालचा आर्म (चाकाला चासीशी जोडणारा) म्हणजे एकच अरुंद दांडा. तो पुढेमागे सरकू नये म्हणून एक स्ट्रट रॉड तिरका मागे चासीपर्यंत जायचा. ब्रेक मारल्यावर सगळा जोर तो रॉड घेत असे. आजच्या बऱ्याच किटमध्ये स्ट्रट रॉड नसतो, त्याऐवजी दोन ठिकाणी टेकलेला रुंद नळीचा ए-आर्म असतो. ते चांगलं आहे, पण मूळचा अरुंद आर्म वापरून स्ट्रट रॉड काढून टाकलेलं काही कोणी दाखवलं तर तिथून निघा. विकत घेताना मी तीन गोष्टी बघतो: खालच्या आर्मच्या दोन टेकूंमधलं अंतर, स्प्रिंग टॉवर (स्प्रिंगचं वरचं टोक धरणारा उभा भाग) चासीला किती लांबीत जोडलाय, आणि ते क्रॉसमेंबर तुमच्याच गाडीच्या चासीच्या मापाचं कापलंय की ‘सगळ्यांना चालेल’ असं आहे. सर्वांना चालणारं क्रॉसमेंबर कोणालाच नीट बसत नाही, भरावाच्या पट्ट्या घालत बसावं लागतं.

क्राउन व्हिक्टोरियाचं सस्पेन्शन, म्हणजे २००३ ते २०११ च्या गाड्यांचं, फार दणकट आहे. अ‍ॅल्युमिनियमचा क्रेडल, रॅक, मोठे डिस्क, सगळं एका तुकड्यात बोल्टवर निघतं, आणि ते बनलंय जड गाडीसाठी. १९६१ ते ७९ च्या रुंद एफ-१०० ला ते शोभतं. तुमच्या १९५६ ला ते रुंद पडेल. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतील, आणि ती आत घ्यायला खूप जास्त पॉझिटिव्ह ऑफसेटची (हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून बाहेर असलेली) चाकं लागतील, जी जुन्या गाडीवर आतल्या बाजूला खोल बसलेली, बाहेरून सपाट दिसतात. पूर्वी १९७६ ते ८० च्या प्लिमथ व्होलारेचं आडव्या टॉर्शन बारचं सस्पेन्शनही याच एफ-१०० मध्ये खूप बसलं. ते वाईट नव्हतं, पण आता त्याचे चांगले भाग शोधत बसण्यापेक्षा मी तुमच्या मापाचं मस्टँग टू प्रकारचं किटच घेईन.

रुंदीचा हिशेब डोळ्यांनी करू नका. मडगार्डच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कडेला लागू नये एवढी जागा दोन्हीकडे सोडा. उरतं ते टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. त्यातून टायरची रुंदी वजा करा आणि चाकाच्या ऑफसेटची दुप्पट मिळवा. आलं ते हबच्या दोन तोंडांमधलं अंतर, किटवाल्याला विचारायचा आकडा तो. समजा बाहेरचं अंतर १,७०० मिमी बसतंय, टायर २०५ मिमी रुंद आणि चाकाचा ऑफसेट शून्य, तर हबचं अंतर १,४९५ मिमी. तेच चाक २० मिमी पॉझिटिव्ह ऑफसेटचं घेतलं तर १,५३५ मिमी चालेल. बाजारात नेहमी दिसणारं ५६.५ इंचांचं किट म्हणजे १,४३५ मिमी. आपल्या चाकांशी ते जुळतं का हे कागदावर पाच मिनिटांत कळतं.

रुंद किट हवं असेल तर ते रुंद कसं केलंय ते विचारा. क्रॉसमेंबर रुंद केलं पण रॅक जुन्याच लांबीचा ठेवला, तर टाय रॉडचे (रॅकपासून चाकाकडे जाणारे दांडे) आतले सांधे आर्मच्या आतल्या टेकूंच्या रेषेतून आत सरकतात. मग चाक वरखाली होताना टो बदलत राहतो आणि खड्ड्यातला हिसका, ज्याच्यासाठी तुम्ही हा सगळा उपद्व्याप करताय, तो परत येतो. नवं, चकचकीत सस्पेन्शन आणि हिसका तोच.

आता चासीवरची जागा आणि कोन. या भागाला घाई करायची नाही, इथे गेलेला एक दिवस पुढचे सगळे महिने वाचवतो.

जुना एक्सल काढण्याआधी, गाडी चाकांवर उभी असताना, इंजिनसकट, पाट्याच्या मधल्या बोल्टवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. दोन्ही बाजूंनी. ती रेषा चासीवर घ्या आणि चासीच्या न कापल्या जाणाऱ्या भागातल्या एखाद्या मूळ भोकापासून ती किती अंतरावर आहे ते लिहून ठेवा. पाटे निघाले की ही जागा कायमची जाते. मग मडगार्ड तात्पुरतं लावून बघा. चाक कमानीच्या मध्यावर दिसतं का? गाडी खाली आणली की चाक कमानीत थोडंसं मागे असलं तरी डोळ्यांत खुपतं, म्हणून बरेचजण केंद्ररेषा किंचित पुढे घेतात. घ्या, पण किती ते ठरवून, दोन्हीकडे सारखं, आणि मागच्या एक्सलपासून तिरकी मापं घेऊन. दोन तिरप्या मापांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर वेल्डिंगला हात लावायचा नाही.

त्याहून महत्त्वाचा कोन. बहुतेक लोक चासी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, आडवी, लेव्हलमध्ये ठेवतात आणि क्रॉसमेंबर तिला समांतर वेल्ड करतात. सगळं सुंदर दिसतं. मग गाडी रस्त्यावर येते तेव्हा ती लेव्हलमध्ये नसते. मागे मोठे टायर, मागचे पाटे उंच, पुढची बाजू खाली. तुमच्या गाडीचा व्हीलबेस ११० इंच, म्हणजे २,७९४ मिमी. चासी पुढच्या एक्सलपाशी मागच्यापेक्षा १०० मिमी खाली असली तर ती सुमारे २ अंश पुढे झुकलेली असते. तेवढेच २ अंश कॅस्टर तुम्ही गमावलेत. किटमध्ये वरच्या आर्मचं अ‍ॅडजस्टमेंट थोडंच असतं, आणि ते सगळं फक्त हे नुकसान भरून काढण्यातच संपतं. वरच्या आर्मचा अक्ष मागे उतरता असतो, ज्यामुळे ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जात नाही. तोही उतार या झुकावात कमी होतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मागचं काम पूर्ण करा: मागचे पाटे, टायर, बॉडी. गाडी शेवटी जशी उभी राहणार तशी उभी करा आणि केबिनखाली, चासीच्या लांब रेलच्या सरळ भागावर, डिजिटल अँगल गेज ठेवून कोन लिहा. नंतर बॉडी काढून चासी घोड्यांवर घ्याल तेव्हा तोच कोन परत आणा. रेल त्या कोनात झुकलेली आणि क्रॉसमेंबर जमिनीला लेव्हलमध्ये, असं वेल्ड व्हायला हवं. किटच्या कागदावर वेगळी संदर्भ पातळी दिली असेल तर ती पाळा, पण तिथेही बघा की ती चासीला समांतर सांगितलीय की जमिनीला.

उंची टायरवरून ठरते. भार पडल्यावर टायरच्या मध्यापासून जमिनीपर्यंत जे अंतर, तिथे स्पिंडल (चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा) असणार. त्या स्थितीत खालचा आर्म आडवा दिसला पाहिजे, आतला टेकू आणि बॉल जॉइंट एकाच पातळीवर. हे जमवायला शॉकच्या जागी मी ठरावीक लांबीची लोखंडी पट्टी बोल्टने लावतो, म्हणजे सस्पेन्शन चालत्या उंचीवर गोठून राहतं आणि स्प्रिंगशी झगडावं लागत नाही. त्या अवस्थेत क्रॉसमेंबर वरखाली सरकवून जागा शोधा. चाकाला वर जायला निदान ६० ते ७० मिमी प्रवास मिळायला हवा. गाडी आणखी खाली हवी असेल तर क्रॉसमेंबर रेलमध्ये आणखी वर बसवा. नंतर स्प्रिंग कापून गाडी खाली आणू नका, आर्म वर वाकडे होतात आणि सगळी भूमिती बिघडते.

चासीबद्दल. पाट्यांच्या गाडीत भार चासीला दोन दूरच्या ठिकाणी मिळतो, पुढच्या आणि मागच्या हँगरवर. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये तोच भार टॉवरच्या जागी एकवटतो, शिवाय ब्रेकचा पीळही तिथेच. तुमची चासी उघड्या सी-चॅनेलची आहे, पीळ सोसण्यात ती कमजोर. म्हणून तिची उघडी बाजू पट्टीने बंद करायची, क्रॉसमेंबरच्या पुढून सुरू करून मागे फायरवॉलच्या पलीकडे. पट्टीची जाडी चासीएवढी किंवा किंचित जास्त, ३ ते ५ मिमी. त्याहून जाड पट्टी घातली तर ती जिथे संपते तिथे चासीला तडा जायची भीती असते. म्हणूनच पट्टीचं टोक सरळ उभं कापू नका, माशाच्या शेपटीसारखं तिरकं कापा. आणि चासीच्या वरच्या-खालच्या पाखांच्या कडेवर आडवा वेल्ड ओढू नका.

तुमचा मिग वेल्डर. मशीन ५ मिमीला पुरेल का, हे मला माहीत नाही, तुम्ही बघू शकता. त्याच जाडीचे दोन तुकडे जोडा, जोड मधून करवतीने कापा, घासून गुळगुळीत करा आणि धातू आतपर्यंत एकजीव झालाय का ते बघा. वर छान मणी दिसतो आणि आत नुसता चिकटलेला असतो, असं घरगुती मशीनवर फार होतं. माझा सल्ला सरळ आहे. मोजमाप, कापणी, पट्ट्या, टाके (भाग जागेवर धरणारे छोटे वेल्ड) हे सगळं तुम्ही करा. शेवटचा वेल्ड ज्याला चासीच्या वेल्डिंगचा अनुभव आणि कागदपत्रं आहेत त्याच्याकडून घ्या. कोणी का करेना, वेल्ड २५ ते ४० मिमीच्या तुकड्यांत, एकदा डावी रेल, एकदा उजवी, मध्ये थंड होऊ देत. कापणीआधी दोन्ही रेलमध्ये पुढे आणि मागे तात्पुरते आडवे दांडे टाकून घ्या. आणि प्रत्येक टप्प्यानंतर तिरकी मापं परत. चासीत असा बदल करायला तुमच्या भागात परवानगी किंवा तपासणी लागते का, विमा चालू राहतो का, हे काम सुरू करण्याआधी विचारा. काम झाल्यावर विचारणं महागात पडतं.

स्टिअरिंगमध्ये तुमच्या ३०२ मुळे एक अडचण येणार. अनेक ३०२ इंजिनांचा सम्प (ऑइल पॅनचा खोल भाग) पुढच्या बाजूला असतो आणि क्रॉसमेंबर नेमकं तिथेच येतं. तुमचा तसा असेल तर सम्प मागे असलेली ऑइल पॅन आणि तिच्या मापाचा ऑइल ओढणारा पिकअप पाइप आधीच आणा, नाहीतर इंजिन चासीवर उतरवताना वरच लटकून राहतं. मूळ बॉक्स एक्सलच्या मागे होता, रॅक पुढे असेल. त्यामुळे कॉलमपासून येणारा शाफ्ट इंजिनच्या डाव्या एक्झॉस्टला चुकवत जातो. शक्यतो दोनच यू-जॉइंट वापरा, दोघांचे कोन जवळजवळ सारखे ठेवा आणि ३० अंशांच्या वर जाऊ नका. तिसरा जॉइंट लागला तर मधल्या शाफ्टला चासीवर आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट फिरण्याऐवजी गिरक्या घेतो. पॉवर रॅक असेल तर पंप फोर्डचाच ठेवा. जनरल मोटर्सचा पंप लावला तर त्याचा दाब आणि प्रवाह या रॅकला जास्त होतो, स्टिअरिंग इतकं हलकं होतं की गाडी नुसत्या स्पर्शाने वळते. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकून ते ठीक करता येतं.

स्प्रिंग निवडताना लोक आकड्याला फसतात. मस्टँग टू प्रकारात स्प्रिंग आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते. आतल्या टेकूपासून स्प्रिंगचं अंतर आर्मच्या लांबीच्या ०.६ असेल, तर चाकाजवळचा कडकपणा स्प्रिंगच्या ०.६ च्या वर्गाएवढा, म्हणजे ०.३६ पट. ४०० पाउंड प्रति इंचाची स्प्रिंग चाकाशी फक्त १४४ ची उरते. म्हणून ४०० हा आकडा ऐकून घाबरू नका, आणि लोखंडी ब्लॉकच्या व्ही-८ ला सहा सिलिंडरची स्प्रिंगही लावू नका. गाडी पूर्ण बांधून झाल्यावर पुढचं वजन काट्यावर करा, मग स्प्रिंग मागवा. अँटी-रोल बार (वळणावरचं कलणं कमी करणारा दांडा) हवाच का? माझ्या मते हो. पाट्यांवरच्या सरळ एक्सलचा रोल सेंटर (गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो) वर असतो, नव्या सस्पेन्शनचा जमिनीजवळ. पुढची बाजू वळणावर जास्त कलते आणि मागचे जाड पाटे कलायला तयार नसतात. भार मग मागच्या बाहेरच्या चाकावर जातो आणि ओल्या रस्त्यावर, रिकाम्या हौद्याने, शेपूट सुटते. पुढचा बार हे संतुलन परत आणतो.

ब्रेकमध्ये एवढंच. तुमचा मास्टर सिलिंडर फरशीखाली आहे, एकच सर्किट. पुढे डिस्क आले की दोन सर्किटचा सिलिंडर घ्या. तो कॅलिपरपेक्षा खाली राहणार असल्यामुळे डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लागेल, नाहीतर पेडल पहिल्या दाबाला खोल जातं. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, जो मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवतो. आणि चाकाचं नटांचं वर्तुळ तपासा. तुमच्या मागच्या एक्सलला ५ नट ५.५ इंचांवर आहेत, किटमध्ये बहुधा ५ नट ४.५ इंचांवर येतात. तसंच ठेवलं तर स्टेपनी एकाच टोकाला चालेल. ५.५ इंचांचे हब मिळणारी किटं आहेत, ऑर्डर देतानाच सांगा.

सगळं जोडून झालं की अलाइनमेंटच्या आधी घरीच एक तपासणी करा. स्प्रिंग काढा, हबला एक सपाट पाटी बोल्टने बसवा, तिच्यासमोर पुढे-मागे दोन डायल किंवा साध्या पट्ट्या ठेवा आणि जॅकने चाक ७५ मिमी वर, ७५ मिमी खाली न्या. पाटीची पुढची आणि मागची कडा किती वेगळी सरकते ते बघा. दीड मिमीच्या आत असेल तर उत्तम. जास्त असेल तर आताच रॅक वर किंवा खाली सरकवून जमवा. कॅस्टर पॉवर रॅकला ३ ते ५ अंश, हाताच्या रॅकला त्याहून कमी, नाहीतर गाडी वळवताना खांदे भरून येतात. कॅम्बर (चाकाचा वरच्या टोकाचा आत-बाहेर झुकाव) शून्य ते अर्धा अंश निगेटिव्ह, म्हणजे आत, टो-इन १.५ ते ३ मिमी.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर नवे बुश आणि स्प्रिंग थोडे बसतात, पुढची उंची दोन-चार मिमी उतरते. तेव्हा आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा टॉर्कने आवळा आणि टो परत मोजा. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट कधीही चाक लोंबकळत असताना आवळू नका, रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वेल्डच्या कडेने चासीचा रंग तडकलाय का, तेही त्याच वेळी टॉर्च घेऊन बघा.